वासावरून झाडाची जात ठरवता येते का?

कापराच्या वेगवेगळ्या झाडांची पानं चुरून वास घेतला तर गोंधळायला होतं. एकाला अस्सल कापराचा वास येतो, दुसऱ्याला फुलांसारखा मऊ, तिसऱ्याला थेट निलगिरीसारखा. पानांचा आकार, शिरा, फुलं, फळं मात्र सारखीच. वनस्पतिशास्त्रात या सगळ्यांचं नाव एकच आहे: सिनॅमोमम कॅम्फोरा. याच्या उलटही घडतं. बडीशेप आणि चक्रीफूल यांचा ओळखीचा गोडसर वास ॲनेथॉल या एकाच रेणूमुळे येतो, पण बडीशेप गाजर-कोथिंबिरीच्या कुलातली आणि चक्रीफूल त्यापासून फार लांबच्या, बऱ्याच जुन्या शाखेतलं.

म्हणजे एका जातीत अनेक वास आणि अनेक जातींत एक वास. असं असताना वासाचं रसायनशास्त्र वर्गीकरणासाठी वापरावं असं कुणी का म्हणावं? तरीही गेली सव्वाशे वर्षं ते वापरलं जातंय, आणि काही ठिकाणी त्याने डोळ्यांना न दिसलेलं नातं आधी दाखवून दिलंय. वासाला कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणता विचारायचा नाही, हे कळलं की यातला बराचसा गोंधळ सुटतो.

पुढे जाण्याआधी एवढं लक्षात असू द्या: जाती म्हणजे सर्वांत खालची मुख्य पायरी (तुळस, सब्जा), जवळच्या जाती मिळून प्रजाती, प्रजाती मिळून कुल आणि कुलं मिळून गण.

वास कशाचा बनतो

पानातून येणारा वास हे बहुधा वीस ते शंभरेक रेणूंचं मिश्रण असतं. हे रेणू लहान आणि हलके असतात, सहज उडतात, म्हणून नाकापर्यंत पोचतात. सुगंधी वनस्पतींमध्ये त्यांचे दोन मोठे गट आहेत.

पहिला गट टर्पीनांचा. पाच कार्बनच्या घटकांपासून ते बनतात. दोन घटक जोडले की दहा कार्बनचे रेणू मिळतात: लिमोनीन, पायनीन, मेंथॉल, कापूर, लिनॅलूल. तीन जोडले की पंधरा कार्बनचे, थोडे जड आणि जास्त वेळ रेंगाळणारे: चंदनातले सॅंटॅलॉल, मिऱ्यातलं कॅरिओफायलीन. या रसायनांवरच्या पायाभूत कामासाठी ओटो वालाख यांना १९१० चं नोबेल मिळालं. दुसरा गट फिनाइलप्रोपॅनॉइडांचा. नाव अवघड आहे, पण रेणू ओळखीचे: लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड, चक्रीफुलातलं ॲनेथॉल. हे फिनाइलॲलनिन या अमिनो आम्लापासून बनतात, म्हणजे त्यांचा उगमच वेगळा.

हे रेणू झाड कुठे साठवतं, हीसुद्धा वर्गीकरणाला उपयोगी माहिती आहे. पुदिना-तुळशीच्या कुलात ते पानावरच्या बारीक ग्रंथिकेसांत असतात, म्हणून नुसतं बोट फिरवलं तरी वास येतो. निलगिरी आणि लिंबाच्या पानांत आतल्या पोकळ्यांत असतात. पान उजेडात धरलं तर त्या ठिपक्यांसारख्या दिसतात. पाइनमध्ये राळेच्या नलिका असतात, दालचिनीच्या कुलात सुट्या तेलपेशी. साठवणीची ही जागा सहसा कुलाकुलाने ठरलेली असते. आतला माल मात्र इतका ठरलेला नसतो.

पाटाचं दार कुठे फोडलं त्यावर सगळं

माल का बदलतो ते शेताला पाणी देताना दिसतं. पाटातून येणारं पाणी एकच. दारं धरणारा ज्या वाफ्याचं दार फोडतो तिकडे ते जातं, आणि वरचंच दार उघडं राहिलं तर शेपटाकडचा वाफा कोरडा पडतो. झाडातही कच्चा रेणू एकच असतो. त्याला कुठे वळवायचं ते एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं, ठरवतात.

पुदिन्यात हे फार स्वच्छ दिसतं. स्पिअरमिंट आणि पेपरमिंट दोघंही आधी लिमोनीन बनवतात. स्पिअरमिंटचं एन्झाइम लिमोनीनच्या एका कार्बनवर ऑक्सिजन बसवतं, आणि पुढे कार्व्होन तयार होतं. पेपरमिंटचं एन्झाइम तोच ऑक्सिजन दुसऱ्या कार्बनवर बसवतं, आणि साखळी मेंथोनमार्गे मेंथॉलकडे जाते. किरणोत्सर्गाचा मारा करून मिळवलेल्या एका स्कॉच स्पिअरमिंटच्या झाडात पेपरमिंटसारखी रसायनं तयार होऊ लागल्याचं १९९१ मध्ये प्रसिद्ध झालं. २००० साली तर असं दाखवलं गेलं, की स्पिअरमिंटच्या या एन्झाइमातल्या सुमारे ५०० अमिनो आम्लांपैकी एकच बदललं तरी ते पेपरमिंटच्या एन्झाइमासारखं वागतं.

वर्गीकरण करणाऱ्याने हे उदाहरण कायम समोर ठेवावं. नाकाला दोन टोकांचे वाटणारे वास जनुकीयदृष्ट्या एका अक्षराच्या अंतरावर असू शकतात. त्यामुळे ‘वास वेगळा म्हणून जात वेगळी’ हे वाक्य पुराव्याशिवाय उच्चारता येत नाही.

युकॅलिप्टसने दिलेला धडा

हे वाक्य मात्र एके काळी गांभीर्याने उच्चारलं गेलं होतं. सिडनीच्या टेक्नॉलॉजिकल म्युझियममधले रिचर्ड बेकर आणि हेन्री स्मिथ यांनी १९०२ मध्ये युकॅलिप्टसांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. बेकर वनस्पतिशास्त्रज्ञ, स्मिथ रसायनशास्त्रज्ञ. जातीगणिक पानांचं तेल काढायचं, घटक मोजायचे आणि ते पानाच्या शिरांच्या रचनेशी ताडून बघायचे, ही पद्धत त्या काळाच्या खूप पुढची होती. त्यांचा विश्वास असा, की जातीचं तेल स्थिर असतं. म्हणून तेल निराळं दिसलं की ते जातही निराळी मानत. युकॅलिप्टस ऑस्ट्रेलियाना आणि युकॅलिप्टस फेलँड्रा ही नावं त्यांनीच दिलेली. दुसऱ्याच्या तर नावातच फेलँड्रीन हा रेणू आहे. आज ही दोन्ही नावं युकॅलिप्टस रेडिएटा या एकाच जातीत जमा आहेत.

१९२० च्या दशकात पेनफोल्ड आणि मॉरिसन यांनी युकॅलिप्टस डाइव्हज या जातीची झाडं तपासली. दिसायला वेगळी न करता येणारी झाडं, पण काहींत पिपेरिटोन भरपूर, काहींत ते जवळपास नाहीच आणि सिनिओल भरपूर. त्यांनी याला जातीचीच शारीरक्रियात्मक रूपं म्हटलं. आज आपण ज्याला केमोटाइप म्हणतो ती हीच कल्पना: एकाच जातीतले, दिसायला सारखे, पण रसायनाने वेगळे गट. वनस्पतींच्या नामकरणाच्या नियमांत केमोटाइपला कुठलाही अधिकृत दर्जा नाही. तेलाच्या बाटलीवर जातीच्या नावापुढे ‘सीटी (म्हणजे केमोटाइप) लिनॅलूल’ असं लिहिलेलं दिसतं ती उपयोगी खूण आहे, वर्गीकरणातली पायरी नव्हे.

बेकर-स्मिथ यांच्याकडे आज हसून बघण्याचं कारण नाही. त्यांच्या पद्धतीत एकच कच्चा दुवा होता: जातीतली झाडं आपापसात किती वेगळी असू शकतात, हे मोजल्याशिवाय त्यांनी जातींची तुलना केली. हीच गफलत आजही अनेक शोधनिबंधांत सापडते, फक्त यंत्रं महाग झाली आहेत.

एका टेकडीवरचे सहा वास

केमोटाइपचा सर्वांत नीट अभ्यासलेला नमुना दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिएच्या आसपासचा. तिथल्या जंगली थाइमचे सहा केमोटाइप आहेत: जिरॅनिऑल, अल्फा-टर्पिनिऑल, थुजॅनॉल, लिनॅलूल, कार्व्हॅक्रॉल आणि थायमॉल. १९८० च्या दशकात संकर करून त्यांची अनुवंशिकता उलगडली गेली, आणि ती वरच्या पाटासारखीच निघाली. जिरॅनिऑलचं जनुक सर्वांत वर. ते चालू असेल तर खालची पाचही झाकली जातात. ते नसेल तर टर्पिनिऑल, मग थुजॅनॉल, अशा क्रमाने खाली. थायमॉल शेवटी, वरची सगळी दारं बंद असली तरच.

यातली शेवटची दोन, कार्व्हॅक्रॉल आणि थायमॉल, फिनॉल वर्गातली. या वासांची झुडपं उन्हाळी, कोरड्या उतारांवर जास्त. हिवाळ्यात जिथे गार हवा साचून राहते त्या खोलगट भागात बाकीचे केमोटाइप जास्त. १९७० च्या दशकातल्या नोंदी आणि सुमारे चाळीस वर्षांनंतरची पाहणी यांची तुलना केली तेव्हा फिनॉलवाली झुडपं खोलगट भागात शिरलेली आढळली. दरम्यान तिथली कडाक्याची थंडी कमी झाली होती. म्हणजे या पातळीवरचा वास झाडाचा वंश कमी आणि जागेची निवड जास्त सांगतो. इथे कुणी सहा जाती पाडल्या असत्या तर एकाच झुडपाच्या बियांतून दोन-तीन ‘जाती’ उगवल्या असत्या.

मग वासावर भरवसा ठेवायचा कुठे

जिथे एक दार फोडून वास बदलत नाही, जिथे अख्खी यंत्रणा उभी करावी लागते, तिथे.

मोहरी चावली की नाकात झणका बसतो. तो झणका पानात किंवा दाण्यात तयार स्थितीत नसतो. ग्लुकोसिनोलेट नावाचे गंधकयुक्त रेणू एकीकडे आणि त्यांना फोडणारं मायरोसिनेज हे एन्झाइम दुसरीकडे, अशी विभागणी असते. पेशी चिरडल्या की दोन्ही भेटतात आणि झणझणीत तेल सुटतं. त्यासाठी रेणू बनवणारी साखळी, फोडणारं एन्झाइम आणि दोघांना दूर ठेवण्याची सोय, तिन्ही हवं. असं काही सहजासहजी पुन्हापुन्हा उत्क्रांत होत नाही.

मोहरी, शेवगा, पपई, केपर आणि नॅस्टर्शियम या साऱ्यांत ही यंत्रणा आहे. रूपावरून ही झाडं वेगवेगळ्या गणांत विखुरलेली होती. शेवगा आणि मोहरी नातेवाईक आहेत असं फुलं-फळं पाहून कुणाला वाटेल? वनस्पतिशास्त्रज्ञ रोल्फ डालग्रेन यांनी १९७५ मध्ये मुख्यतः रसायनाच्या आधारावर ही कुलं एकत्र आणण्याचा प्रस्ताव मांडला. तो पुष्कळांना अतिरेकी वाटला. १९९० च्या दशकात डीएनएचे पुरावे आले आणि ही सगळी कुलं खरोखरच एका गणात बसली. अपवाद एकच: पुत्रंजीव आणि त्याचे जवळचे नातेवाईक. त्यांच्यात तीच रसायनं आहेत, पण ते या गणाचे नाहीत. अपवाद आहे हे बरंच झालं. सर्वांत भक्कम रासायनिक खूणही एकदा तरी स्वतंत्रपणे उगवू शकते, हे त्यामुळे समजलं.

जातींच्या पातळीवरचं आवडतं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या दोन पाइनांचं. जेफ्री पाइन आणि पाँडेरोसा पाइन इतके सारखे, की जेफ्रीला काही काळ पाँडेरोसाचाच एक प्रकार मानलं जाई. पाँडेरोसाच्या राळेत नेहमीसारखी टर्पीनं असतात: पायनीन, कॅरीन. जेफ्रीच्या राळेतून उडणारा भाग मात्र जवळपास सगळा हेप्टेन, म्हणजे पेट्रोलच्या जातकुळीतला साधा हायड्रोकार्बन. पायनीन सुमारे १५५ अंश सेल्सिअसला उकळतं, हेप्टेन ९८ ला, आणि त्याची वाफ चटकन पेट घेते. टर्पेंटाइनच्या भट्टीत चुकून जेफ्रीची राळ गेली तर काय होईल ते सांगायला नको. पुढे पेट्रोलचा ऑक्टेन अंक ठरवताना शून्याची खूण म्हणून जे शुद्ध हेप्टेन लागलं ते सुरुवातीला याच झाडातून मिळवलेलं होतं. इथे फरक एका दाराचा नाही. हेप्टेन टर्पीनांच्या मार्गाने बनतच नाही. असा फरक दिसला की थांबून नीट बघावं.

थोडक्यात नियम असा धरता येतो: कोणता मार्ग आहे किंवा नाही ही बातमी जास्त वजनाची, त्या मार्गावरचा शेवटचा रेणू कोणता ही कमी वजनाची, आणि तो किती टक्के आहे ही सर्वांत हलकी. लिंबाचा वास देणारं सिट्रल गवती चहात आहे, लेमन बाममध्ये आहे, ऑस्ट्रेलियाच्या लेमन मर्टलमध्येही आहे. तिघांची कुलं तीन. सिट्रलवरून नातं जोडायला गेलं तर गवत आणि पुदिना भावंडं ठरतील.

नमुना गोळा करण्यापासून आलेखापर्यंत

आता प्रत्यक्ष काम. निकालाची अर्धी किंमत झाडाजवळच ठरते.

एका ठिकाणची निदान दहा ते वीस झाडं घ्यावीत आणि प्रत्येकाचं तेल वेगळं काढावं. सगळी पानं एकत्र करून उकळणं सोपं, पण निम्मी झुडपं लिनॅलूलची आणि निम्मी थायमॉलची असतील तर यंत्र ‘मिश्र प्रकार’ दाखवेल, जो निसर्गात अस्तित्वातच नाही. पानं एकाच वयाची, फांदीवरच्या एकाच उंचीची, फुलोऱ्याच्या एकाच टप्प्यावरची हवीत. पेपरमिंटच्या कोवळ्या पानांत मेंथोन जास्त असतं. पान जून होत जातं तसं त्याचं मेंथॉल होतं. फुलांत मेंथोफ्युरॅन वाढतं. एकाची शेंड्याची पानं आणि दुसऱ्याची बुडख्याची घेतली तर फरक जातींचा नसून वयाचा मोजला जातो.

अवयवही एकच हवा. दालचिनीच्या एकाच झाडाच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड, पानात युजेनॉल आणि मुळाच्या सालीत कापूर प्रमुख असतो. कोथिंबिरीच्या पानात लांब साखळीचे अल्डिहाइड, धण्यात लिनॅलूल.

पानं कागदी पिशवीत, गार पेटीत ठेवावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत उन्हात राहिली तर घाम सुटतो, पानं काळवंडतात आणि प्लॅस्टिकमधले थॅलेट तेलात उतरतात. प्रत्येक झाडाची फुलाफळासह एक फांदी दाबून, वाळवून वनस्पतिसंग्रहात क्रमांकासह जमा करावी. हे टाळलं तर पुढे नाव चुकल्याचं लक्षात आल्यावर सगळं काम कचऱ्यात जातं, कारण तपासायला झाडच उरत नाही.

तेल काढायला क्लेव्हेंजर उपकरण वापरतात. १९२८ पासून त्याची रचना फारशी बदललेली नाही. १०० ग्रॅम ताजी पानं, दोन लिटरच्या चंबूत साधारण एक लिटर पाणी, आणि पहिला थेंब पडल्यापासून तीन तास उकळी. वाफेबरोबर तेल वर जातं, थंड होऊन अंशांकित नळीत पाण्यावर तरंगतं, पाणी चंबूत परत येतं. बऱ्याच पुदिनावर्गीय वनस्पतींत यातून अर्धा-पाऊण मिलिलिटर तेल मिळतं. युजेनॉल जास्त असलेलं तेल पाण्यापेक्षा जड असतं आणि बुडतं. त्यासाठी उपकरणाचा जड तेलाचा फाटा लावावा लागतो, नाहीतर तेल पाण्याबरोबर चंबूत परत जाऊन उत्पन्न शून्य दिसतं. मिळालेलं तेल निर्जल सोडियम सल्फेटवर कोरडं करून, गडद काचेच्या लहान बाटलीत तोंडापर्यंत भरून, ४ अंशाला ठेवतात. अर्धी रिकामी बाटली म्हणजे तेलाला हवा खाऊ घालणं.

मग गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे तेलातले रेणू एकमेकांपासून वेगळे करणारं यंत्र. तेल हेक्झेनमध्ये शंभरपट पातळ करून त्यातलं एक मायक्रोलिटर सोडतात. आत ३० मीटर लांब आणि पाव मिलिमीटर आतल्या व्यासाची काचेची नळी वेटोळी घालून असते. तापमान ६० अंशांपासून मिनिटाला ३ अंश असं २४० पर्यंत चढवतात. हलके रेणू आधी बाहेर येतात, जड नंतर. प्रत्येकाचं आलेखावर एक शिखर उमटतं. नळीच्या शेवटी मास स्पेक्ट्रोमीटर त्या रेणूचे तुकडे करून तुकड्यांची वजनं नोंदवतो.

संगणक तुकड्यांची ही यादी साठ्याशी ताडून नाव सुचवतो, आणि नवशिक्यांचा घात इथेच होतो. थायमॉल आणि कार्व्हॅक्रॉल यांचं वजन तेच, १५०. मुख्य तुकडाही तोच, १३५. संगणक दोघांनाही भरघोस गुण देतो. त्यांना वेगळं काढायचं तर बाहेर पडण्याचा क्रम बघावा लागतो. त्यासाठी त्याच परिस्थितीत सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनांचं मिश्रण सोडतात आणि त्यांच्या तुलनेत प्रत्येक शिखराला धारणांक देतात. दहा कार्बनच्या हायड्रोकार्बनचा अंक १०००, अकराचा ११००. नेहमीच्या अध्रुवीय नळीवर थायमॉल १२९० च्या आसपास येतं, कार्व्हॅक्रॉल १३०० च्या. धारणांक न देता नुसती संगणकाची नावं छापलेली यादी वर्गीकरणासाठी वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

झाडात नसलेले रेणू

काही शिखरं झाडाची नसतातच. कॅमोमाइलचं तेल निळंशार असतं, पण फुलात तो निळा कॅमाझुलीन नसतो. मॅट्रिसिन नावाच्या रंगहीन पदार्थापासून तो उकळताना बनतो. लॅव्हेंडर जास्त वेळ उकळलं तर लिनॅलिल ॲसिटेट पाण्याने फुटून लिनॅलूल वाढतं. दोन प्रयोगशाळांनी उकळीचा वेळ वेगळा ठेवला तर त्यांचे आकडे जुळणार नाहीत, आणि कुणीतरी त्यातून दोन केमोटाइप ‘शोधून’ काढेल. जर्मॅक्रीन-ए हा रेणू यंत्रात तेल सोडतात त्या तापलेल्या मुखाशीच बीटा-एलेमीनमध्ये बदलतो. शंका आली तर मुखाचं तापमान २५० वरून १५० ला आणून तोच नमुना पुन्हा सोडून बघावा. एलेमीनचं शिखर आकसलं तर ते यंत्रात बनलेलं होतं. १४९ वजनाचा तुकडा ठळक दिसला की प्लॅस्टिक आठवावं, आणि शेवटी शेवटी २०७ आणि २८१ चढू लागले की नळीचं अस्तर झिजतंय हे ओळखावं.

टक्केवारीचा सापळा

आलेखातून निघणारे आकडे टक्क्यांत असतात आणि सगळे मिळून शंभर होतात. निरुपद्रवी वाटतं, पण नाही. समजा एका पानात २ मिलिग्रॅम लिनॅलूल आणि २ मिलिग्रॅम कापूर आहे: पन्नास-पन्नास टक्के. दुसऱ्या पानात लिनॅलूल तेवढंच, २ मिलिग्रॅम, पण कापूर ६. आता लिनॅलूल २५ टक्के. लिनॅलूल निम्मं झालं असं तक्ता सांगतो. झाडाने त्याला हातही लावलेला नाही. म्हणून अशा आकड्यांवर थेट सांख्यिकी चालवण्याआधी गुणोत्तरांचे लॉगॅरिदम घेतात, किंवा मोजून टाकलेल्या प्रमाणित पदार्थाच्या साहाय्याने पानाच्या वजनामागे खरे मिलिग्रॅम काढतात.

दुसरी अडचण मोजणीची. ‘साठ घटकांत फरक आहे’ हे वाक्य भारदस्त वाटतं, पण घटक स्वतंत्र नसतात. गॅमा-टर्पिनीन, पॅरा-सायमीन, थायमॉल एकाच साखळीतले. एक बदललं की तिघं बदलतात. एका फर वृक्षातलं एकच एन्झाइम ५२ वेगवेगळी उत्पादनं देतं, असं १९९८ मध्ये दाखवलं गेलं. साठ शिखरांमागे पाच-सहा जनुकं असू शकतात. त्यामुळे शिखरं मोजू नयेत, मार्ग मोजावेत.

‘हवापाण्याने वास बदलतो, मग यात अर्थ काय?’

आक्षेप रास्त आहे, आणि त्याला जुनं, साधं उत्तर आहे. दोन्ही ठिकाणच्या झाडांच्या छाट कलमांना एकाच वाफ्यात, एकाच मातीत लावा आणि निदान एक पूर्ण हंगाम जाऊ द्या. फरक मिटला तर तो हवापाण्याचा होता. टिकला तर अनुवंशिक. सहसा असं दिसतं, की ऊन, पाणी, खत यांनी तेलाचं प्रमाण आणि टक्के हलतात, पण लिनॅलूलचं झुडूप थायमॉलचं होत नाही. बारा महिने लागतात म्हणून ही पायरी अनेकजण गाळतात.

‘चांगलं नाक असताना यंत्र कशाला?’

अनुभवी नाक पहिल्या चाळणीला उत्तम आहे. रानात यंत्र नेता येत नाही. पण नाक मिश्रण एकसंध ऐकतं आणि ठसठशीत घटकाखाली बाकीचे दडतात. याउलट एका बाबतीत नाक साध्या नळीपेक्षा सरस ठरतं. स्पिअरमिंटचं कार्व्होन आणि शेपूचं कार्व्होन एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब असतं. नाकाला वास वेगळे येतात, पण साध्या नळीतून दोन्ही एकाच क्षणी बाहेर पडतात आणि तुकडेही तेच देतात. त्यांना वेगळं करायला खास, एकाच हाताचा रेणू धरून ठेवणारी नळी लागते. या डाव्या-उजव्या रूपांचं प्रमाण एन्झाइम ठरवतं, म्हणून ते टक्केवारीपेक्षा जास्त विश्वासू असतं.

‘डीएनए असताना हे सगळं का?’

जात कोणती, नातं कुणाशी, यावर शेवटचा शब्द बहुतेक वेळा डीएनएचाच असतो, यात वाद नाही. पण तीन ठिकाणी वास अजून उपयोगी पडतो.

पहिलं ठिकाण बाटली. उकळून काढलेल्या तेलात कामाचा डीएनए नसतो. खऱ्या लॅव्हेंडरच्या तेलात कापूर अगदी थोडा, साधारण एक टक्क्याच्या आत. लॅव्हेंडर आणि स्पाइक लॅव्हेंडरचा संकर असलेल्या लॅव्हँडिनमध्ये तो कित्येक पट. बाटली आपली गोष्ट एवढ्याच भाषेत सांगू शकते.

दुसरं ठिकाण संकर. वनस्पती ओळखायला २००९ पासून प्रमाण मानलेले दोन्ही डीएनए तुकडे हरितलवकातले आहेत, आणि हरितलवक बहुतेक सपुष्प वनस्पतींत आईकडूनच येतं. संकरित झाड तिथे नुसतं आईसारखं दिसतं. तेलात मात्र दोन्ही पालकांचे मार्ग उमटू शकतात. अर्थात केंद्रकातला डीएनए वाचला तर संकर कळतोच. वास फक्त कुठे वाचायचं ते लवकर सुचवतो.

तिसरं ठिकाण म्हणजे रूपाने केलेली दिशाभूल पकडणं. पूर्व अमेरिकेतला रेड सीडर, जो खरं तर जुनिपर आहे, टेक्सासमधल्या ॲश जुनिपरशी दूरदूरपर्यंत संकरित झालाय असं १९५० च्या दशकात पानं-फांद्यांच्या मोजमापांवरून मानलं गेलं. १९६९ मध्ये ईशान्य टेक्सासपासून वॉशिंग्टन डीसीच्या दिशेने ओळीने झाडं घेऊन त्यांची टर्पीनं मोजली गेली. रसायन हळूहळू, पायरीपायरीने बदलत गेलं, पण ॲश जुनिपरची छाप त्यात सापडली नाही. अंतराप्रमाणे एकाच जातीत होणारा बदल डोळ्यांनी संकर म्हणून वाचला होता. तिथेही टर्पीनांवर भरवसा ठेवता आला, कारण एकेका ठिकाणची अनेक झाडं सुटी सुटी मोजली होती आणि संशयित दुसऱ्या जातीची झाडंही त्याच पद्धतीने तपासलेली होती.